स्क्रूच्या कपाटातली वचनं

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा मोबाइलवर टाइप केलं, तीनदा पुसलं. कारण सरळ आहे. ज्याची टर उडवायची त्याची उडवता उडवता माझीच उडते, आणि माझी गाळली तर सगळं खोटं होतं. चौथ्यांदा टाइप करतोय. चुका असतील. शाळा मी नववीत सोडली. वायरिंगचं काम बघून बघून शिकलो आणि पवित्र शास्त्रही तसंच, एकट्यानं, कुणी न शिकवता. म्हणून दोन्हीकडे अधूनमधून झटका बसतो.

तर आमची ख्रिस्ती मंडळी. साठेक माणसं. प्रार्थनेचा हॉल हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. खाली बिजागऱ्या, वर देव. आमचे पाळक महिन्यातून एकदा येतात, कारण त्यांच्याकडे अशा चार मंडळ्या आहेत. बाकीचे रविवार दुकानाच्या मालकाचे. त्यांना तोंडावर सगळे काका म्हणतात. पाठीमागे खणकाका.

हे नाव मी ठेवलेलं नाही, पण ठेवायला आवडलं असतं.

झालं असं की दुकानात एक जुनं लोखंडी कपाट होतं. बहात्तर छोटे खण, प्रत्येकावर स्क्रूचं माप. नवं कपाट आलं तसं जुनं वर हॉलमध्ये चढलं. आता रिकामं कपाट बघून काकांच्या डोक्यात काय यावं? त्यांनी शास्त्राच्या फाटक्या प्रती गोळा केल्या, कात्री घेतली, एकेक वचन कापून पट्ट्या केल्या आणि खणांत भरल्या. खणांवर चिठ्ठ्या. आजार. परीक्षा. लग्न. नोकरी. सासू. हो, सासूचा खण आहे, आणि तो बऱ्यापैकी भरलेला आहे.

कुणी अडचण घेऊन आलं की काका डोळे मिटतात, खण ओढतात, दोन बोटांनी पट्टी उचलतात. दीड इंची स्क्रू द्यावा तशी. गिऱ्हाईक खूश, काका खूश. भिंत विटांची आहे की पुठ्ठ्याची, ते काका विचारत नाहीत.

आणि कात्रीचं एक असतं. वचन कापून हातात येतं, पण ते कोण कुणाला म्हणालं, ते कात्रीच्या पलीकडे राहतं.

मी हे बारा वर्षं बघत होतो आणि हसत होतो. मला काय, मी माइक जोडायला येणारा माणूस. मग चौकटच्या घरी ते झालं.

चौकट माझा जिवलग. त्याचं फोटो फ्रेम करायचं दुकान आहे, म्हणून चौकट. मला तो फ्यूज म्हणतो, कारण मी पटकन उडतो. त्याची मुलगी अडीच वर्षांची होती. ताप आला. तीन दिवस हॉस्पिटल. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं, ते चौकटला दोनदा विचारूनही लक्षात राहिलं नाही.

दीड महिन्यानं काका त्यांच्या घरी गेले. पट्टी घेऊन. सोमवारी मी चौकटच्या दुकानात गेलो तेव्हा मला हे कळलं.

टेबलावरचा दिवा लुकलुकत होता, तो बघायला गेलो होतो. चौकट फ्रेमच्या लाकडी पट्ट्या तिरक्या कापत होता. वहिनी रद्दीच्या कागदानं काच पुसत होती. टेबलाच्या कडेला माउंट बोर्डचा, म्हणजे फोटोभोवतीच्या जाड पुठ्ठ्याचा, एक तुकडा पडला होता, त्यावर पेन्सिलीनं काहीतरी.

"हे काय, नवी ऑर्डर?"

"यादी आहे," चौकट म्हणाला.

"कसली?"

"आमच्या पापांची." एखादं माप सांगावं तसं म्हणाला. "काका म्हणाले, कारण सापडेपर्यंत शोधा."

मी वाचलं. साध्या काचेला भारी काच म्हणालो. आईशी फोनवर उद्धट बोललो. दोन रविवार दांडी मारली. शेजाऱ्याची शिडी अजून दिली नाही. मला हसूच आलं. एवढ्यावर देव माणसं मारायला लागला तर माझ्या गल्लीत कुत्रंही उरणार नाही, असं म्हणणार होतो. मग शेवटची ओळ दिसली. वहिनीचं अक्षर. खाली दोन रेघा.

"मी एकदा म्हणाले होते, ही पोरगी एक रात्र तरी गप्प झोपली तर मी सुटेन."

हातातला टेस्टर मी खाली ठेवला.

"वहिनी, असं प्रत्येक आई म्हणते."

"प्रत्येकीची जात नाही ना, भावजी." तिनं मान वर केली नाही. "रविवारी मी उभी राहून हे वाचणार आहे. सगळ्यांसमोर. काका म्हणाले, तोंडानं कबूल केलं की ओझं उतरतं."

"कुणाचं ओझं? काकांचं?"

"फ्यूज," चौकट म्हणाला. म्हणजे गप्प बस.

काकांनी दिलेली पट्टी त्यानं पाकिटात ठेवली होती. मागून घेतली. कात्रीनं सरळ कापलेली, कडा अगदी नीट. अर्थ असा, की आठवून बघ, निष्पाप असून कुणाचा कधी नाश झालाय?

तिथून मी थेट हार्डवेअरच्या दुकानात. काका कुणाला तरी कडीकोयंडा दाखवत होते.

"काका, हे कुठलं?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "'कारण' खणातलं."

"खणातलं कळलं. शास्त्रात कुठलं?"

"शास्त्रातलंच."

"शास्त्रात कुठे?"

"आतलं," काका म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

पुढचे दोन दिवस माझ्या डब्यातल्या भाजीची चव मला माहीत नाही. साइटवर सिमेंटच्या गोणीवर बसून वाचत होतो. शेवटी सापडलं. ईयोबाचं पुस्तक, चौथा अध्याय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक चांगला माणूस. किती चांगला, तर पहिल्याच ओळीत लिहून ठेवलंय, निर्दोष. त्याची गुरं जातात, मुलं जातात, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस शेजारी गप्प बसतात. इथवर ठीक. मग तोंडं उघडतात. तुझंच काहीतरी चुकलं असेल, नाहीतर असं होईल कसं! पट्टीवरचं वाक्य पहिल्या मित्राचं. आणि शेवटच्या अध्यायात देव त्याच पहिल्या मित्राला म्हणतो, तुझा आणि तुझ्या दोन्ही मित्रांचा मला राग आलाय, तुम्ही माझ्याबद्दल योग्य ते बोलला नाहीत.

आयला! मी गोणीवर उडालो. देवानं झापलेल्या माणसाचं बोलणं काकांनी देवाचं म्हणून घरपोच दिलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी सहाला शास्त्रपाठ असतो. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडतात, पंधरा-वीस जण येतात. त्या दिवशी चौकट आणि वहिनीही होते, मागे, दाराजवळ. आणि बाई होत्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, निवृत्त. हॉलमधल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय, आणि उरलेल्या निम्म्यांनाही त्या तसंच वागवतात. भिंग घेऊन वाचतात. फारसं बोलत नाहीत.

काकांनी प्रार्थना संपवली आणि मी उभा राहिलो.

"काका, ही पट्टी कुणाचं बोलणं आहे?"

"देवाचं. शास्त्रात आहे."

"शास्त्रात सापही बोलतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मी सगळं सांगितलं. पहिलं पान, तीन मित्र, शेवटचं पान. छान सांगितलं, खोटं कशाला बोलू.  काकांची मान कॉलरमध्ये चाललेली. चौकट खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी फ्यूज.

"त्या तिघांनी जे जे म्हटलंय ते सगळं कचरा आहे," मी म्हणालो. "देवानं स्वतः शिक्का मारलाय. त्यातलं एक वाक्यसुद्धा कुणाला द्यायचं नाही. फेका!" आणि मी 'कारण'चा खण ओढला तो पूर्ण बाहेर आला. पट्ट्या फरशीभर.

"एकसुद्धा नाही?" बाईंनी विचारलं.

"एकसुद्धा नाही, बाई."

"बघ हं." त्यांनी सावकाश पानं उलटली, जागा शोधली, पुस्तक माझ्यापुढे धरलं. "प्रेषितानं करिंथच्या मंडळीला लिहिलंय. वाच मोठ्यानं."

मी वाचलं. देव शहाण्यांना त्यांच्याच कपटात पकडतो, असं शास्त्रात लिहिलंय, असं प्रेषित म्हणतो.

"शास्त्रात म्हणजे कुठे? तळाला टीप आहे बघ."

टीप होती. ईयोब, पाचवा अध्याय. माझ्या कानांत गरम झालं, कारण दोन दिवसांपूर्वीच ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती.

"बोलतोय कोण तिथे?"

"मित्र."

"कितवा?"

आता हे लिहितोच. मला माहीत होतं कितवा ते. आणि मी म्हणालो, "दुसरा असेल, बाई."

"पहिला. तोच. तेच भाषण. चौथ्यात सुरू केलं ते पाचव्यात संपवलं, मध्ये पाणीसुद्धा प्यायला नाही तो. आणि प्रेषितानं त्यातलं वाक्य खरं म्हणून घेतलंय. मग कचरा कसा?"

काका फुलले. सकाळच्या पुरीसारखे नाही, सायकलच्या ट्यूबसारखे, एका बाजूनं. "म्हणजे वचन खरंच निघालं की!"

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या, आणि काका खरंच बसले. पंचेचाळीस वर्षं दुकान चालवणारा माणूस.

पण बसूनही ते बोलले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा खणाशिवाय बोलले. "बाई, वाईट वागण्याचं फळ वाईट मिळतं, हे शास्त्रात जागोजागी आहे. ते काय सापानं म्हटलंय? माझ्याकडे लोक मोडलेल्या वस्तू घेऊन येतात. मोडली, हे त्यांना चालतं. का मोडली ते न कळणं चालत नाही. कारण नाही म्हटलं की माणूस वेडा होतो. म्हणून मी कारण देतो."

मला हा माणूस तुच्छ वाटतो. पण हे बोलणं तुच्छ नव्हतं. मला त्याचा फार राग आला.

"जागोजागी आहे, मान्य," बाई म्हणाल्या. "पण पाऊस पडला की रस्ता ओला होतो, हे एक. रस्ता ओला दिसला म्हणून पाऊसच पडला, हे वेगळं. नळ फुटला असेल. मित्र नियम बरोबर सांगत होता, माणूस चुकीचा धरला. आपल्याला पहिलं पान वाचायला मिळतं म्हणून कळतं. त्याला मिळालं नव्हतं. या मुलीच्या घराचं पहिलं पान तुम्ही वाचलंय?"

"आणि तो जन्मापासून आंधळा!" मी घुसलो. "शिष्यांनी प्रभूला विचारलं पाप कुणाचं, तर उत्तर काय? त्याचं नाही, आईबापांचंही नाही!"

"पुढे वाच ना!" काका परत उभे. "पुढे कारण दिलंय! देवाची कामं दिसावीत म्हणून! कारण आहेच!"

"त्या एका माणसाचं कारण आहे ते," बाई म्हणाल्या. "तेही तुम्ही कापून खणात ठेवणार का?"

"ठेवलंय," काका म्हणाले.

मग काय, सुटलोच. काका एका अध्यायातून, मी दुसऱ्यातून. ईयोब स्वतः शेवटी म्हणतो की मला न कळणाऱ्या गोष्टींवर बोललो, मग त्याचं तरी किती धरायचं? हा मुद्दा बाईंचा. मग तो निर्दोष कसा? हा काकांचा. बाईंचं भिंग इकडून तिकडे. लोक खुर्च्या पुढे ओढत होते. आणि खरं सांगू? मजा येत होती. मला, काकांना, बाईंनासुद्धा. कपाळावर घाम, हातात पुस्तक, समोर तोडीचा माणूस. अशी मजा मला वर्षभरात आली नव्हती.

"मग मी रविवारी उभी राहू की नको?"

वहिनी. दाराजवळून. आवाज मोठा नव्हता.

तिघंही तिच्याकडे वळलो. काका म्हणाले, "ते प्रार्थनापूर्वक ठरव, बाळ." मी म्हणालो, "मुळीच नाही वहिनी, कारण चौथ्या अध्यायात..." आणि बाईंनी भिंग डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं, आणि काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला मी तेव्हा मनात मार्क दिले. आता वाटतं, त्यांनाही सुचलं नव्हतं.

वहिनी पुढे आली. खाली बसली. मी फरशीवर उधळलेल्या पट्ट्या तिनं एकेक करून गोळा केल्या, खणात भरल्या, खण कपाटात सरकवला. कुणी मदत केली नाही. मीही नाही. मग ती जिना उतरून गेली. चौकट तिच्यामागून. जाता जाता त्यानं माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी मी दुकानात गेलो. चौकट काच पोहोचवायला बाहेर गेला होता. वहिनी एकटीच, कुणाच्या तरी पदवीच्या सर्टिफिकेटला मागून खिळे मारत होती. लहान हातोडी, टुक टुक.

मी स्टूलावर बसलो. बोलायला तोंड उघडलं.

"का गेली ती, भावजी?" तिनं विचारलं.

माझ्याकडे उत्तरं तयार होती. कमी नाही, सहा. गुरुवारपासून मी तेच करत होतो, प्रत्येक उत्तराला दोन-दोन दाखले जोडून. कोणतं आधी सांगावं एवढाच प्रश्न होता. तिच्या तोंडात दोन खिळे होते, ते तिनं काढून हातात घेतले. ऐकायला.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

तिनं हातोडी बाजूला ठेवली.

"काकांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "बाईंना निम्मं ठाऊक आहे. तुम्हाला तर परवा सगळंच ठाऊक होतं."

"परवा मी खोटंही बोललो. दुसरा मित्र म्हणालो. पहिला आहे हे मला माहीत होतं."

"हो?" तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मग आणा पेन्सिल. यादीत टाका."

ती हसली असं मी म्हणणार नाही. पण दीड महिन्यात त्या घरात झालेला तो पहिला विनोद, आणि तो माझ्यावर.

मग ती म्हणाली, "ते वाक्य मी बोलले होते. दमले होते हो. बोलले त्याचं मला वाईट वाटतं, ते वाटत राहील. पण त्यामुळे ती गेली, हे काकांनी शोधायला सांगेपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. शोधलं म्हणून सापडलं." तिनं खिळा बोटांत धरला. "पुस्तकातल्या त्या बाईचं काय? ईयोबाच्या बायकोचं. मुलं तिचीही गेली होती ना?"

मी आठवून बघितलं. ती एकच वाक्य बोलते, त्यावर नवरा तिला मूर्ख म्हणतो, आणि पुढे तिचं काही नाही. कुणी तिच्याशेजारी सात दिवस बसलं का, ते लिहिलेलं नाही. मी चार वेळा वाचलं होतं. चारही वेळा तिच्यावरून तसाच पुढे गेलो होतो.

"तिचं माझ्या लक्षात आलं नाही," मी म्हणालो.

"माझ्या आलं," वहिनी म्हणाली, आणि हातोडी उचलली.

रविवारी माइक तपासून झाला तेव्हा मी तो खाली ठेवला नाही. "गुरुवारी मी म्हणालो मित्रांचं सगळं कचरा. ते चुकलं. बाईंनी दाखवलं. वर खोटंही बोललो. पण ती पट्टी चौकटच्या घरात द्यायची नव्हती, हे मी अजून म्हणतो."

"म्हणजे अर्धा मी बरोबर," काका म्हणाले. लगेच. जणू हातात मापपट्टी होती.

"अर्धे चूक दोघंही, काका."

"बस आता."

गाणी झाली. मग काकांनी घसा साफ केला. "आता आपली एक बहीण मंडळीसमोर मन मोकळं करणार आहे." माइक पुढे धरला. वहिनी चौथ्या रांगेत होती. उठली नाही. काका माइक धरून उभे. माझ्या स्पीकरमधून नुसती घरघर. 

"माझी मुलगी गेली," वहिनी जागेवरूनच म्हणाली, माइकशिवाय. "एवढंच आहे. कारण मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, काका."

काकांनी कपाटाकडे पाहिलं. देवाशपथ, पाहिलं. पण तिथवर जायला आठ पावलं होती आणि सगळे बघत होते. मग ते म्हणाले, "चला, पुढचं गीत." बाई पहिल्या रांगेतून उठल्या, पुस्तक खुर्चीवरच ठेवलं आणि वहिनीच्या शेजारी जाऊन बसल्या. गाणं त्यांनीही म्हटलं नाही, वहिनीनंही नाही.

कपाट काही हललं नाही, हे सांगून टाकतो. कुणाला वाटेल काका बदलले. परवाच एकाला नोकरीच्या खणातून पट्टी दिली, डोळे मिटून. बाईंनी मात्र एक हट्ट धरलाय. दर गुरुवारी पेन्सिल घेऊन बसतात आणि पट्ट्यांच्या मागे लिहितात, कोण म्हणालं, कुणाला, कशावरून. काकांचं म्हणणं, त्यामुळे पट्ट्या घाण दिसतात.

त्या रविवारी सगळे उतरल्यावर मी वायर गुंडाळत होतो. चौकट वर आला. वायरचं दुसरं टोक धरलं.

"फ्यूज, एक शब्द दे."

"बोल."

"तू वाचायचं सोडणार नाहीस, मला माहितीये. सोडूही नकोस. पण एक दिवस तुला वाटेल की सापडलं. ती का गेली, त्याचं."

"तसं काही..."

"वाटेल रे. तुला ओळखतो मी. मग काय करशील?"

मी वायरचे आणखी दोन वेढे घातले.

"बाईंकडे जाईन," मी म्हणालो. "काकांशी भांडेन. भिंतीला सांगेन. पण त्या दिवशी तुझ्या दुकानाकडे फिरकणार नाही. डोक्यातून ते पूर्ण उतरलं की मगच येईन. शब्द."